चांदी घेताना आकडा विचारा

सोने घेताना आपण दहादा विचार करतो. कॅरेट विचारतो, हॉलमार्क बघतो, पावती जपून ठेवतो. चांदीच्या बाबतीत मात्र 'चांदी ती चांदी, त्यात काय बघायचं?' असे म्हणून मोकळे होतो. आमच्या घरीही असेच झाले.

माझ्या आईचे पायातले तोडे होते, वीस तोळ्यांचे, म्हणजे २०० ग्रॅमचे. दुधाच्या पैशातून साठवून तिने ते केले होते. माझ्या कॉलेजची फी भरायची वेळ आली, तेव्हा तिने ते काढून दिले. मोडीला नेल्यावर सराफाने चांदी आटवून तपासली आणि सांगितले, "टंच साठ." म्हणजे शंभरात साठ भागच चांदी, २०० ग्रॅममध्ये फक्त १२० ग्रॅम. आई एवढेच म्हणाली, "अरे, घेताना तर एक नंबरची आहे म्हणाला होता." जुनी पावती काढली. तीत वजन होते, रक्कम होती. शुद्धतेचा आकडा नव्हता. आता विचारणार कुणाला? उरलेली फी उसनवारी करून भरली.

चांदीत दुसरा धातू मिसळणे ही मुळात फसवणूक नव्हे. अगदी शुद्ध चांदी मऊ असते. तिचे पैंजण केले तर ते वाकतील, झिजतील. म्हणून तिच्यात थोडे तांबे घालतात. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. यालाच स्टर्लिंग म्हणतात. रोज वापरायच्या दागिन्याला ती उत्तम. नाणे किंवा वळे घ्यायचे असेल तर ९९९ घ्यावे. फसवणूक होते ती साठ टंचाला ९२५चा भाव लावल्यावर. आईचे तोडे ९२५चे असते, तर त्यांत १८५ ग्रॅम चांदी निघाली असती. ६५ ग्रॅमचा फरक!

घरगुती परीक्षांवर फार विसंबू नये. लोहचुंबकाला चिकटले नाही म्हणजे चांदी, असे नाही. तांबे-पितळही चिकटत नाही. काळी पडली म्हणजे खोटी, हेही खरे नाही. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे खरी चांदीही काळवंडते. आणि 'जर्मन सिल्व्हर' नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? चांदीसाठीही भारतीय मानक ब्यूरोचा, म्हणजे बीआयएसचा हॉलमार्क आहे. १ सप्टेंबर २०२५पासून त्यात अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा क्रमांकही आला. दागिन्यावर बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक असे तिन्ही बघावे. मोबाइलवरील 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये क्रमांक घातला की त्या दागिन्याची माहिती दिसते. नुसता ९२५चा शिक्का म्हणजे हॉलमार्क नव्हे. तो कारागीरही मारू शकतो. मात्र ही पद्धत सुरू करताना चांदीसाठी ती ऐच्छिक ठेवली गेली. त्यामुळे हॉलमार्क आपण मागायचा असतो.

जुना दागिना तपासताना एक लक्षात ठेवावे. दुकानातले क्ष-किरण यंत्र प्रामुख्याने वरचा थर वाचते. वर चांदीचा मुलामा असेल तर आकडा फसवा येऊ शकतो. शंका असल्यास हॉलमार्किंग केंद्रात नमुना काढून तपासून घ्यावा.

पावतीवर चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात: शुद्धतेचा आकडा, खडे-मीना वगळून चांदीचे वजन, त्या दिवसाचा भाव आणि मजुरी. परत घेताना किती घट धरणार, हेही त्याच वेळी विचारावे. यात संकोच कसला? चोख व्यवहार करणारा सराफ हे आनंदाने लिहून देतो.

पुढे नोकरी लागल्यावर मी आईला पुन्हा तोडे केले. पावती तिने स्वतः वाचली, आकड्यावर बोट ठेवले आणि मगच पैसे द्यायला सांगितले.