फाल्गुनात लातूरचे डोंगर चढा

डोंगर म्हटलं की लातूरकर सह्याद्रीच्या गाड्या बुक करतात. अहो, बालाघाटाच्या रांगा आपल्या दारात आहेत! औसा-निलंगा रस्त्यावरचं खरोसा घ्या. इथली लेणी तांबूस जांभ्या दगडात कोरलेली आहेत. महाराष्ट्रातली बहुतेक लेणी काळ्या बसाल्टात, म्हणून हे वेगळेपण जवळून बघाच. दगडाला बारीक भोकं असतात, हात फिरवला की खरखरीत लागतो. उदगीरजवळ हत्तीबेट आहे, चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट, म्हणजे टेकडीच. ते औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध, पण त्या पावसाळ्यातल्या. होळीच्या सुमाराला पळस फुलतो, झुडपं विरळ होतात आणि पायवाट नसली तरी उताराचा अंदाज येतो.

मळलेली वाट सोडणार असाल तर उजाडताच निघा, दहाच्या आत खाली या. पाणी माणशी तीन लिटर. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांतून थेट कातडीत घुसतात, म्हणून जाड पँट आणि घोट्यावरचे बूट हवेत. दगड उचलताना जपा, खाली फुरसं असू शकतं. शेताच्या बांधावरून जाताना मालकाला विचारा. आणि कृपा करून डोंगरावर विडी-काडी पेटवू नका, एका ठिणगीत गुरांचा अख्खा चारा जातो.