दिवाळीच्या किल्ल्याला गाव हवं

भातकापणी आणि किल्ला, दोन्ही एकाच सुमारास येतात. किन्हवलीच्या आसपास, शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या पट्ट्यात, आश्विन सरता सरता मोठी माणसं विळे घेऊन खाचरात उतरलेली असतात आणि परीक्षा आटोपलेली पोरं अंगणाच्या कोपऱ्यात दगड, फुटक्या विटा, जुनं गोणपाट जमवत असतात. ढिगाला अजून आकार आलेला नसतो, पण नाव ठरलेलं असतं. बहुतेक ठिकाणी रायगड, नाहीतर प्रतापगड.

हा लेख त्या मातीच्या किल्ल्याविषयी आहे. पण त्याच्याकडे मी एका परक्या छंदाच्या वाटेने येणार आहे. त्या वाटेने आलं की आपल्या किल्ल्यात काय आहे आणि काय राहून गेलं आहे, ते चटकन दिसतं.

युरोप-अमेरिकेत छोट्या सैनिकांच्या लढाया टेबलावर खेळण्याचा छंद मोठी माणसं मनापासून जोपासतात. त्याचं मूळ लष्करी आहे. प्रशियात राइसवित्स नावाच्या गृहस्थांनी १८१२ मध्ये राजासाठी युद्धखेळाचं एक टेबलच तयार केलं, आणि त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम सुधारून ते सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणात आणले. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं आणि हा खेळ घराघरांतल्या दिवाणखान्यात आला. आज साधारण सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, २८ मिलिमीटर उंचीचा सैनिक, फासे आणि मोजपट्टी एवढ्यावर डाव उभा राहतो. सैनिक पट्टीने मोजून पुढे सरकवायचा, समोरचा टप्प्यात आणि नजरेत असेल तर फासा टाकायचा.

या मंडळींचा एक आवडता उद्योग म्हणजे वेस्टर्न सिनेमातलं गाव जसंच्या तसं टेबलावर उभं करणं. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ हा १९६० चा सिनेमा घ्या. दरोडेखोरांनी नाडलेलं एक मेक्सिकन खेडं आपल्या राखणीसाठी सात बंदूकबाज आणतं, एवढीच गोष्ट. छंदी माणूस हा सिनेमा थांबवत थांबवत पुन्हा पुन्हा पाहतो. चर्च कुठे, चौक केवढा, कोणत्या घराच्या गच्चीवरून कोणती गल्ली दिसते, याचा कागदावर नकाशा काढतो. मग पुठ्ठ्याची घरं, त्यांवर मातकट गिलावा, वर उचलून बाजूला ठेवता येईल असं छप्पर, कारण घरात शिरलेला सैनिक दिसायला हवा. घरं मांडतानाही एक धोरण असतं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ नजर जाईल अशी एकही मोकळी गल्ली ठेवायची नाही. तशी ठेवली तर बंदूकवाला कोपऱ्यात बसून सगळा डाव मारून नेतो. सिनेमातले सात जणही गावात नव्या भिंती घालतात. त्या शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी नसतात, आत आलेल्याला कोंडण्यासाठी असतात.

ही युक्ती मुळात जपानची. अकिरा कुरोसावांच्या १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’वरून हा वेस्टर्न बेतलेला. तिथलं गाव शेतकऱ्यांचं आहे आणि दरोडेखोर पीक हाती आल्यावर येणार आहेत. कापणी उरकताच गावकरी शेतात पाणी सोडतात, म्हणजे घोडे अडतील. एक वाट मुद्दाम उघडी ठेवायची, एकेका स्वाराला आत घ्यायचं आणि मागची फळी बंद करायची, असा बेत. म्होरक्या सामुराई कागदावर दरोडेखोरांची संख्या गोलांनी मांडून ठेवतो आणि एकेक पडेल तसा गोल खोडत जातो. टेबलावरचा डाव याहून वेगळा काय असतो? आणि भाताची खाचरं, बांध, पाणी अडवणं ज्याच्या अंगवळणी पडलेलं आहे, त्या किन्हवलीच्या माणसाला ही लढाई कोणी समजावून सांगायला नको.

याच कुळातला आपला सिनेमा म्हणजे १९७५ चा ‘शोले’. त्यातलं रामगढ हे गाव नकाशावर कुठेच नव्हतं. बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकाळ टेकड्यांत ते अख्खं उभारलं गेलं, आणि उभारणारे कला दिग्दर्शक होते राम येडेकर. ठाकूरचा वाडा, देऊळ, मशीद, पाण्याची टाकी, मधलं मोकळं मैदान, हे सगळं एका मराठी माणसाच्या हाताखाली घडलं, याचा उल्लेख आपल्याकडे फार कमी होतो. त्या सिनेमातला गाडीवरचा दरोडा तर आपल्या शेजारीच, पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर चित्रित झाला. रामगढ लक्षात राहतं ते त्याच्या मांडणीमुळे. दरोडेखोर कुठून येणार, गावकरी कुठे थांबणार, वाड्यातून काय दिसणार, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. गाव नीट मांडलं की अर्धी लढाई तिथेच सांगून होते.

आता अंगणात येऊ. आपल्या किल्ल्याची कारागिरी कुठल्याही परदेशी टेबलाच्या तोडीची आहे, हे मी ठामपणे म्हणतो. खाली विटा आणि दगड रचायचे, मध्ये गुहेसाठी पोकळी सोडायची, वरून गोणपाट पातळ चिखलात बुचकळून पांघरायचं. गोणपाटाच्या घड्या वाळल्या की त्यांचेच कडे आणि घळी होतात. त्यावर चाळलेल्या लाल मातीचा हात. उतारावर अळीव पेरायचे, तेही दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी, म्हणजे नरकचतुर्दशीला कोवळी हिरवळ तयार. पायवाटेला विटेची भुकटी, तळ्याला जुनं घमेलं, कारंज्याला सलाईनची नळी आणि उंचावर टांगलेली बाटली. बुरूज वाटीने पाडायचे, तटावरच्या चर्या बोटाच्या पेराने दाबून काढायच्या. बाजारातून मावळे, तोफा, एखादा वाघ, गवळण. सिंहासनावर महाराज. यातली एकही गोष्ट दुकानातून तयार येत नाही, चित्रं सोडली तर. परदेशातला छंदी माणूस ज्या खडकासाठी आणि गवतासाठी पैसे मोजतो, ते इथे पाचवीतली मुलगी चिखलातून आणि अळिवातून काढते.

एकच उणीव आहे. प्रमाण नसतं. मावळा दरवाज्यापेक्षा उंच, वाघ वाड्यापेक्षा मोठा, आणि गडाखालचं गाव बहुतेक वेळा नसतंच. पायथ्याशी थेट अंगणातली फरशी सुरू होते.

प्रमाण साधायला गणित फार लागत नाही. बाजारातला मावळा चार बोटं, म्हणजे साधारण सात सेंटिमीटर उंच धरा. खरा माणूस १६५ ते १७० सेंटिमीटर. म्हणजे सगळं साधारण चोविसाव्या हिश्श्याने लहान झालं. आता वीस फूट लांबीचं घर काढायचं तर ते पंचवीस सेंटिमीटर, सव्वा वीत होतं. दार मावळ्याहून किंचित उंच. विहिरीचा घेर चहाच्या बशीएवढा. एकदा मावळा हातात धरून मोजायची सवय लागली की पट्टीही लागत नाही.

डोंगर मात्र या हिशेबात बसत नाही, हे आधीच मान्य करायला हवं. माहुलीगडाची उंची समुद्रसपाटीपासून ८५० मीटरांच्या वर आहे. परदेशी २८ मिलिमीटरच्या मापानेसुद्धा तो पंधरा मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा होईल. आपल्या मावळ्याच्या मापाने त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून जाणते लोक डोंगर अख्खा करत नाहीत. एक दरवाजा, त्याच्या बाजूचे दोन बुरूज, खालची वाट आणि वाटेवरची वस्ती एवढंच खऱ्या प्रमाणात करतात, बाकीचा कडा मागे पडद्यासारखा उभा ठेवतात.

माहुलीचं नाव मी उगाच घेतलेलं नाही. किन्हवलीच्या पोराने रायगड का करावा? शहापूर तालुक्यातच माहुली उभा आहे. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन गड एकाच डोंगरावर, मधे खिंडी, बाजूला वजीर, नवरा-नवरी, भटजी असे सुळके. नुसती बाह्यरेषा पाहिली तरी ओळखू यावा असा हा डोंगर आहे, आणि मातीत काढायला याहून देखणा गड शोधून सापडणार नाही. १६३६ मध्ये निजामशाही वाचवण्याची शहाजीराजांची शेवटची धडपड इथे संपली आणि तह झाला. १६५८ मध्ये महाराजांनी गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला. १६७० च्या सुरुवातीला मराठ्यांनी रात्री शिड्या लावून तो परत घ्यायचा प्रयत्न केला. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. हल्ला फसला, माणसं बरीच कामी आली. पुढे मनोहरदासाने किल्लेदारी सोडली आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड जिंकला.

म्हणजे एकाच गडावर, एकाच वर्षात, एक पराभव आणि एक विजय. टेबलावर मांडायला याहून चांगला डाव कोणता?

आणि गाव. गड कधी एकटा नसतो. गडाच्या घेऱ्यात मेटं, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या असतात, पायथ्याशी वस्ती असते, तिच्यावर राखणीची आणि पुरवठ्याची भिस्त असते. खालचा माणूस फितला तर वरचा दरवाजा कितीही भक्कम असून उपयोग नसतो. रामगढ असो की मेक्सिकन खेडं, कथा गावाभोवती फिरते ती याच कारणाने. आपल्या किल्ल्याच्या खाली तसा एखादा पाडा हवा, आणि तो इथलाच हवा.

त्याचं सामान तर दारात पडलेलं असतं. ठाकूर, वारली, कातकरी वस्त्यांतल्या जुन्या घरांना करवीच्या कुडाच्या भिंती असत, त्यावर शेणामातीचं सारवण. छोट्या घरासाठी करवीच्या जागी झाडूच्या हिरा घ्या. पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडून हिरा जवळजवळ उभ्या रोवायच्या, मधे दोन ठिकाणी आडव्या विणायच्या, आणि पातळ कालवलेली शेणमाती बोटाने आतून-बाहेरून लिंपायची. वाळताना कोपऱ्यात थोडी माती झडते आणि आतल्या हिरा उघड्या पडतात. त्या झाकू नका, कुडाच्या भिंती अशाच दिसत. छपराला नव्या भाताचा पेंढा, नुकताच झोडलेला, पिवळाधमक. तो दोन बोटं लांबीचा कापून पुठ्ठ्यावर खालून वर एकावर एक थर देत चिकटवायचा, म्हणजे पाणी उतरेल त्या दिशेने काड्या राहतात. छप्पर भिंतीला चिकटवायचं नाही. घराशेजारी खळं, खळ्यात भाऱ्यांची उडवी, वेशीवर गावदेवी, एक पार. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि इथे त्याची गरजही पडत नाही.

मग खेळा. नियम पोरांनी स्वतः करावेत, पण सुरुवातीला एवढे पुरे होतील. महाराजांची मूर्ती सिंहासनावर, ती हलवायची नाही. मावळा एका चालीत एक वीत जातो, चढावर अर्धी. दरवाज्याच्या बोळातून एका वेळी दोनच माणसं. समोरासमोर आले की दोघांनी ल्युडोचा फासा टाकायचा, मोठं दान जिंकतं, आणि तटावर उभा असेल त्याला एक जास्त. रात्रीचा हल्ला असेल तर आधी किल्लेदाराने फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडले तर तो जागा आहे. मनोहरदास जागा होता. तो झोपलेला असता तर काय झालं असतं, हे शाळेचं पुस्तक सांगत नाही, अंगणातला फासा सांगतो. मुलांना इतिहासाच्या सनावळ्या पाठ होत नाहीत, अशी तक्रार आपण सर्रास करतो. बोळातून दोनच माणसं जाऊ शकतात हे ज्याच्या हाताला कळलं, त्याला दरवाजा वळणावर का बांधतात ते कधी शिकवावं लागणार नाही.

मुरबाडच्या बाजूच्यांना माहुली दूर वाटला तर सिद्धगड आहे, गोरखगड आहे. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत हुतात्मा झाले. ती चकमक खेळायची गोष्ट नाही, पण तो डोंगर आणि ती रानवाट मातीत काढून शेजारी पणती लावावी, असं मला फार वाटतं.

माहुली मांडायचा असेल तर आधी तो पाहून या. आसनगाव स्टेशनवर उतरलं की पायथ्याचं माहुली गाव पाचेक किलोमीटरवर आहे. नवरात्र संपल्यावर, पाऊस ओसरल्यावर, जाणत्या माणसाला बरोबर घेऊन चढा. वाट वळण कुठे घेते, महादरवाज्याच्या बाजूच्या पहारेकऱ्यांच्या देवड्या केवढ्या आहेत, खिंड कुठून फुटते, हे वहीत काढून आणा. अळीव मात्र परतल्याबरोबर पेरू नका, वसुबारसेच्या तीन दिवस आधी पेरा.