दगडीपाल्याचा रस आणि काचेची बशी

विळा लागला की धानोऱ्यासारख्या गावात बांधावरचा दगडीपाला चुरडून त्याचा रस जखमेवर पिळतात. त्याने जंतू खरोखर मरतात का? प्रयोगशाळेतली परीक्षा सोपी असते. काचेच्या उथळ बशीत अगर (समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ) थिजवून त्यावर पू करणारे जंतू पसरतात. त्यात लहान खळगा पाडून पाल्याचा अर्क घालतात व बशी रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे अंगाच्या उबेला, ठेवतात. सकाळी बशीभर जंतूंची साय धरते. अर्कात गुण असेल तर खळग्याभोवती स्वच्छ कडे उरते. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर शेजारी नुसत्या अल्कोहोलचाही खळगा हवा. नाहीतर त्याचे श्रेय पाल्याला जायचे!

दगडीपाल्याच्या अर्काने काही जंतूंविरुद्ध अशी कडी दिली आहेत. पण तो अर्क दाट व गाळलेला असतो. बांधावरच्या पाल्याला माती चिकटलेली असते आणि मातीत धनुर्वाताचे जंतू बीजरूपाने वर्षानुवर्षे तग धरतात. म्हणून जखम आधी साबण-पाण्याने धुवावी, पाला कोंबू नये. धनुर्वाताच्या लशीबद्दल लगेच आरोग्य केंद्रात विचारावे. पूर्वीच्या ‘टीटी’ऐवजी तेथे आता ‘टीडी’ टोचतात. तिच्यात घटसर्पाचीही लस असते.