आकाशी गणवेशाचे शिक्षण
(तृतीय वर्ष कला)

एन.सी.सी. म्हणजे जड बूट, पहाटेची कवायत आणि वरून ओरडा, अशी पुष्कळांची समजूत असते. त्यातून हवाई विभागाचे नाव निघाले, की ‘तो सायन्सवाल्यांचा प्रांत’ असे म्हणून कला शाखेचा विद्यार्थी मोकळा होतो. मी स्वतः कला शाखेची विद्यार्थिनी असून हवाई विभागात छात्रसैनिक आहे. तेव्हा या विभागाचे कामकाज कसे चालते, ते येथे थोडक्यात सांगते.

पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. १९५० साली मुंबई व कलकत्ता येथे हवाई विभागाची पहिली पथके उभी राहिली. चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये हे प्रशिक्षण सक्तीचे झाले होते. १९६८ पासून ते पुन्हा ऐच्छिक आहे. छात्रसेनेच्या ध्वजावरील लाल, गडद निळा आणि आकाशी हे पट्टे अनुक्रमे भूदल, नौदल व हवाई दलाचे आहेत.

शाळेतील छात्र कनिष्ठ विभागात आणि महाविद्यालयातील वरिष्ठ विभागात मोडतात. वर्षारंभी शारीरिक चाचणी व मुलाखत घेऊन निवड होते. शाखेची अट नाही. मात्र आपले महाविद्यालय एखाद्या एअर स्क्वाड्रनला जोडलेले असावे लागते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर येथे अशी स्क्वाड्रने आहेत. पालकांना नेहमी पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही येथेच देते : छात्रसैनिक झाल्याने सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन पडत नाही.

स्क्वाड्रनचा प्रमुख हवाई दलाचा अधिकारी असतो. महाविद्यालयातील तुकडीची जबाबदारी आपल्याच एका प्राध्यापकांकडे असते. त्यासाठी त्यांना स्वतः प्रशिक्षण घ्यावे लागते. छात्रांची पदे अशी चढत जातात : कॅडेट, लीडिंग फ्लाइट कॅडेट, कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर, अंडर ऑफिसर आणि सर्वांत वर सीनियर अंडर ऑफिसर. ही पदे केवळ वर्षे भरली म्हणून मिळत नाहीत. हजेरी, कवायत, शिबिरातील वागणूक आणि दुसऱ्यांकडून काम करून घेण्याची हातोटी यांवर ती ठरतात. खांद्यावर फीत आली, की आपल्या हाताखालच्या मुलींची पॉलिश न केलेली पादत्राणेही आपलीच चूक ठरते!

शिक्षणाचे दोन भाग आहेत. कवायत, .२२ रायफलची नेमबाजी, प्रथमोपचार व समाजसेवा हे सर्वांना समान. आमचे खास विषय म्हणजे उड्डाणाची तत्त्वे, विमानाचे इंजिन, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि विमानांच्या प्रतिकृती तयार करणे. विमानावर चार बले काम करतात : वर उचलणारे, खाली ओढणारे, पुढे ढकलणारे आणि मागे खेचणारे. पंखाच्या विशिष्ट आकारामुळे व कोनामुळे हवा खाली वळते आणि विमान उचलले जाते. एवढे समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही, लक्ष लागते. दोन आसनी हलक्या विमानातून प्रशिक्षकांसोबत उड्डाणाचा अनुभवही मिळू शकतो. पण हवामान व विमानांची उपलब्धता पाहता तो प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असे नाही.

शालेय छात्रांसाठी ‘ए’, महाविद्यालयात दोन वर्षांनंतर ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ अशी प्रमाणपत्रांची परीक्षा असते. त्यासाठी ७५ टक्के हजेरी व वार्षिक शिबिर आवश्यक. हवाई विभागाच्या ‘सी’ प्रमाणपत्रधारकांना हवाई दलाच्या वैमानिक शाखेत लेखी परीक्षेविना थेट निवड मंडळापुढे जाण्याची सवलत आहे. पण एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. या शाखेसाठी पदवी कोणतीही चालते, मात्र बारावीला गणित व भौतिकशास्त्र असावेच लागते. माझ्याकडे ते विषय नव्हते, म्हणून ती वाट माझी नाही. ज्यांची धाकटी भावंडे आज दहावीत आहेत आणि आकाशाकडे पाहत आहेत, त्यांनी हे घरी जरूर सांगावे. प्रशासन वा लॉजिस्टिक्ससारख्या भूसेवा शाखांचे दार मात्र आवश्यक गुण मिळवलेल्या कला पदवीधरालाही लेखी परीक्षेद्वारे उघडे आहे.

मी विमान चालवणार नाही, तरीही या तीन वर्षांत वेळेवर उभे राहायला, ऐकायला आणि मग सांगायला शिकले. पुढील जूनमध्ये निवडीची सूचना फलकावर लागेल, तेव्हा ती केवळ विज्ञान शाखेसाठी नाही, हे माझ्या कलाशाखेच्या मित्र-मैत्रिणींनी लक्षात ठेवावे.