शांतता समिती आणि मोहल्ला समिती : 'तमस' व भिवंडीतील पोलीस-प्रयोग

भीष्म साहनी यांची 'तमस' (१९७३) ही हिंदी कादंबरी फाळणीपूर्व पंजाबातील दंगलीचे चित्रण करते. तिच्या लेखनाला चालना मात्र महाराष्ट्रातील एका यंत्रमागनगरीने दिली. मे १९७० मधील दंगलीनंतर साहनी आपले ज्येष्ठ बंधू, अभिनेते बलराज साहनी यांच्यासमवेत भिवंडीस गेले. तेथील उद्ध्वस्त वस्त्या पाहताना त्यांच्या मनात रावळपिंडीच्या १९४७ मधील आठवणी जाग्या झाल्या आणि त्यांतून ही कादंबरी आकारास आली. भिवंडी आणि 'तमस' यांचा हा संबंध अभ्यासकांना परिचित आहे. त्याच भिवंडीत पुढे १९८८ पासून पोलिसांनी जो प्रयोग केला, तो 'तमस'मध्ये मांडलेल्या एका प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर म्हणून वाचता येतो, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

हा प्रश्न 'तमस'च्या रचनेतच आहे. कादंबरीच्या आरंभी मुराद अली हा नथूकडून डुक्कर मारवून घेतो आणि पुढे मेलेले डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर आढळते. शहरातील प्रतिष्ठित मंडळी डेप्युटी कमिशनर रिचर्ड याच्याकडे धाव घेतात. तो ती मागणी टोलवतो. सर्व काही घडून गेल्यावर अखेरीस 'अमन कमिटी' स्थापन होते. शांततेच्या घोषणा देत बस निघते आणि ध्वनिवर्धक हाती घेऊन तीत पुढे बसलेला असतो तो मुराद अलीच. हा शेवट केवळ उपरोधाचा नमुना नव्हे. शांतता समिती संकटानंतर येते, ती प्रतिष्ठितांची असते आणि तिची भाषा घोषणेची असते, असे तीन दोष साहनी येथे एका दृश्यात दाखवतात.

भिवंडीला हे दोष अनुभवाने ठाऊक होते. ठाणे जिल्ह्यातील हे गाव प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांच्या श्रमावर वाढले. स्थानिक कोकणी मुसलमान, आगरी व कोळी समाज, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली अशी येथील वस्ती. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या भाषा एका गल्लीच्या अंतरात ऐकू येतात. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली आणि तिचे पडसाद जळगाव व महाड येथे उमटले. न्यायमूर्ती मादन आयोगाने आपल्या अहवालात पोलिसांच्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. ठाणे व मुंबई परिसर धरून या दंगलीत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. 'तमस'वर आधारित गोविंद निहलानी यांची मालिका दूरदर्शनवर दाखवली गेली तेही याच वर्षी, हा योगायोग लक्षणीय आहे. खोपडे यांनी शहराची विभागणी करून सुमारे सत्तर मोहल्ला समित्या स्थापन केल्या. प्रत्येक समितीत हिंदू व मुसलमान सभासदांना समान स्थान होते. पुढाऱ्यांऐवजी दुकानदार, कामगार, शिक्षक अशा सामान्य रहिवाशांना प्राधान्य देण्यात आले. कामकाजाची जबाबदारी त्या भागातील कनिष्ठ पोलीस कर्मचाऱ्यांवर सोपवली गेली.

'तमस'च्या पार्श्वभूमीवर या रचनेतील फरक स्पष्ट होतो. पहिला फरक काळाचा. ही समिती दंगलीनंतर जमत नाही. शांततेच्या काळात ठरावीक अंतराने भरते. दुसरा व्यक्तींचा. शहराच्या वतीने बोलणारा प्रतिष्ठित मध्यस्थ येथे गौण ठरतो आणि एकमेकांचे शेजारी समोरासमोर बसतात. तिसरा फरक भाषेचा असून साहित्याभ्यासकाला तो विशेष महत्त्वाचा वाटेल. समितीत बंधुभावावर भाषणे होण्यापेक्षा पाणी, गटार, वीज, भांडणतंटे असे विषय निघत. अफवा ही मुळात अनामिक कथा असते. तिचा निवेदक सापडत नाही, म्हणूनच ती पसरते. ज्या मोहल्ल्यात पोलीस शिपायाला लोक नावाने ओळखतात आणि 'कोणी पाहिले?' असे विचारता येते, तेथे त्या कथेला निवेदक शोधावा लागतो. पोलिसांची खरी सेवा येथे बंदोबस्ताहून अधिक ऐकण्यात होती, असे म्हणता येईल.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये या रचनेची कसोटी लागली. मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. भिवंडीत मात्र दंगल झाली नाही. खोपडे यांनी पुढे 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या पुस्तकात हा अनुभव मांडला. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात भिवंडीची दखल घेतली. दोन समाजांना जोडणारे नागरी संबंध पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातूनच निर्माण होतात असे नाही. प्रशासनाच्या पुढाकारानेही ते घडवता येतात, हे या उदाहरणातून दिसते.

तथापि खोपडे यांचे पुस्तक हे अधिकाऱ्याचे कथन आहे, याचे भान वाचकाने ठेवले पाहिजे. त्यात शहर हे सोडवावयाचे कोडे म्हणून येते. याच्या शेजारी विभूतिनारायण राय यांची 'शहर में कर्फ्यू' ही हिंदी कादंबरिका ठेवावी. राय हेही पोलीस अधिकारीच. पण त्यांनी अहवालाऐवजी ललितकृतीचा मार्ग पत्करला आणि संचारबंदीत अडकलेल्या गरीब मुसलमान स्त्रीच्या वाट्याचे जगणे केंद्रस्थानी आणले. एक लेखन उपाय सांगते, तर दुसरे उपाय नसतानाची किंमत सांगते. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय पोलीस आणि वस्ती यांच्या संबंधाचे चित्र पूर्ण होत नाही.

प्रयोगाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच कब्रस्तानालगतच्या वादग्रस्त जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून संघर्ष झाला. पोलीस गोळीबारात नागरिक मारले गेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांची हत्या केली. या वेळी दोन धर्मसमाज समोरासमोर आले नव्हते. पोलीस आणि वस्ती यांच्यातच दुरावा आला होता. संवाद एकदा प्रस्थापित केला की तो आपोआप टिकत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

या प्रश्नाचे आजचे रूप राजधानी परिसरातील गुरुग्राममध्ये दिसते. तेथे पोलीस आयुक्तालय २००७ मध्ये स्थापन झाले. भिवंडीप्रमाणेच हेही स्थलांतरितांचे शहर. पण येथील सेक्टर आणि कुंपणबंद वसाहतींत मोहल्ला ही संकल्पनाच विरळ आहे. शुक्रवारच्या खुल्या जागेतील नमाजवरून वाद झाल्यावर २०१८ मध्ये दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींशी चर्चा करून प्रशासनाने ३७ जागा निश्चित केल्या. २०२१ च्या अखेरीस ती व्यवस्था मोडली. ३१ जुलै २०२३ रोजी नूह येथे सुरू झालेला हिंसाचार गुरुग्रामपर्यंत पोहोचला आणि सेक्टर ५७ मधील मशिदीवरील हल्ल्यात नायब इमामाचा बळी गेला. तडजोड प्रतिनिधींमध्ये झाली होती. तिला शेजाऱ्यांच्या नित्य बैठकीचा आधार नव्हता.

'तमस'च्या अखेरीस बसमध्ये कोण बसले आहे हे वाचकाला ठाऊक असते, शहराला नसते. वाचकाजवळ असलेली ही माहिती वस्तीला आणि पोलिसांना वेळेवर मिळावी, एवढाच भिवंडीच्या प्रयोगाचा मर्यादित हेतू होता. दंगलविषयक साहित्याचा तौलनिक अभ्यास बहुधा हिंसेच्या चित्रणाशी थांबतो. जी दंगल घडली नाही, तिचे कथन कोणत्या वाङ्मयप्रकारात होऊ शकते, हा प्रश्न भिवंडीमुळे त्या अभ्यासापुढे येतो.