खिदमत की मजुरी? आधी ठरवा

मदरशाचे वायरिंग, मशिदीचा नकाशा, ट्रस्टचा हिशेब. पिंप्राळ्यासारख्या वस्तीत ही कामे ओळखीतलीच माणसे करतात. "पैशांचं बघू नंतर" म्हणत काम सुरू होते. संपल्यावर कारागीर मजुरी मागतो, ट्रस्टी म्हणतात, "आम्हाला वाटलं, सवाबसाठी केलं." मग सलाम-दुआही बंद!

दीनच्या कामाचा मोबदला घेणे कमीपणाचे नाही. जकात गोळा करणाऱ्यांचा हिस्सा कुरआननेच (९:६०) ठेवला आहे. खलीफा झाल्यावर हजरत अबूबक्र (रजि.) यांचा घरखर्च बैतुलमालमधून ठरला. यतीमांचा माल सांभाळणारा सधन असेल तर त्याने काही घेऊ नये, गरजू असेल तर रीतीप्रमाणे घ्यावे (४:६).

कायदाही सांगतो: फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते (भारतीय करार कायदा १८७२, कलम ७०). पण इरादा सिद्ध करणार कसा? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असे कुरआन (२:२८२) शिकवते. तसेच इथेही दोन ओळी लिहा: काम कोणते, सामान कोणाचे, मजुरी किती की फी-सबीलिल्लाह.

रोजंदारीवाल्याला सवाबचे नाव सांगून फुकट राबवू नका. आणि एकदा "अल्लाहसाठी" म्हटले, की नंतर उपकार बोलून दाखवू नका.