व्यापारी इमारतींतील आग आणि अडलेल्या वाटा

इमारतीला लागलेल्या आगीत भाजून मरणाऱ्यांपेक्षा धुराने गुदमरून मरणारे अधिक असतात, आणि हे एकदा ध्यानात घेतले की व्यापारी इमारतींतील अग्निसुरक्षेचे सर्वांत घातक दोष साधनांच्या अभावापेक्षा अडवलेल्या वाटांत का शोधावे लागतात, हे उमगते. धुरातील कार्बन मोनॉक्साईड हा रंगहीन, गंधहीन वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे ज्वाळा दूर असतानाच माणसाची शुद्ध हरपू लागते आणि बाहेर पडण्यासाठी त्याच्या हाती मोजकीच मिनिटे उरतात.

दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली, परंतु जे ५९ जण दगावले ते मुख्यतः बाल्कनीत कोंडलेल्या धुराने. कारण जादा खुर्च्या बसवण्यासाठी तेथील मार्ग अरुंद करण्यात आले होते आणि एक निर्गमनमार्ग तर बंदच केलेला होता. वीस वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा बळी गेला, तेव्हाही मृतांपैकी अनेक जण प्रसाधनगृहात आसऱ्याला गेलेले आणि तेथेच गुदमरलेले आढळले. दोन शहरे, दोन पिढ्या, आणि चूक एकच, ही बाब अस्वस्थ करणारी आहे.

जिना हा या साऱ्या व्यवस्थेचा प्राण होय. जिन्याच्या तोंडाशी बसवलेला फायर डोअर, म्हणजे ठरावीक काळ आग व धूर थोपवून धरणारा आणि आपोआप मिटणारा दरवाजा, ये-जा सोपी व्हावी म्हणून लाकडी पाचर लावून किंवा अग्निशामक सिलिंडरच टेकवून उघडा ठेवला जातो, आणि मग तोच जिना धुराड्यासारखा वरच्या प्रत्येक मजल्यावर धूर पोहोचवतो. त्यातच जिन्याच्या वळणावर दुकानांची खोकी रचलेली असतात आणि गच्चीच्या दाराला चोरीच्या भीतीने कुलूप लावलेले असते. विजेच्या तारा वर नेणाऱ्या उभ्या पोकळ्या, म्हणजेच डक्ट, प्रत्येक मजल्याच्या पातळीवर अग्निरोधक साहित्याने बुजवणे आवश्यक असते. पण नवी तार ओढण्यासाठी पाडलेले भोक तसेच राहते आणि धुराला दुसरी वाट मिळते.

स्प्रिंकलरची कथा निराळी. छतातील तोटीच्या मुखाशी द्रव भरलेली काचेची लहान नळी असते. सर्वसाधारण प्रकारात सुमारे ६८ अंश सेल्सियसला ती फुटते आणि तेवढ्याच तोटीतून पाणी सुटते. कार्यालयाच्या नूतनीकरणात या तोट्यांच्या खाली नवे खोटे छत बसवले की उष्णता त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. तसेच पंप ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर ठेवला असेल, तर कोणी धावत जाऊन तो सुरू करेपर्यंत जलवाहिनीत पुरेसा दाबच नसतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्यावर आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. तथापि जुलैतील स्वाक्षरीनंतर ऑगस्टमध्ये दाराला लावलेली पाचर कोणत्याही कागदावर दिसत नाही. म्हणूनच अशा इमारतींत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी लिफ्ट सोडून जिन्याने तळापर्यंत उतरून पाहावे, वाट अडलेली दिसल्यास व्यवस्थापनाला लेखी कळवावे आणि चालू सहामाहीचे प्रमाणपत्र पाहण्यास मागावे.